अक्काचे हात थांबले तिथे

मंगळवार, जानेवारी. चामराजपेट.

उद्या परीकथेची कादंबरी प्रकाशकाकडे पाठवायची होती. नाही पाठवणार. कारण अक्का.

आम्ही दोघी बहिणी कन्नड शाळेतल्या. मी मराठी वाचायला नंतर शिकले, थोरली शिकलीच नाही. म्हणून तिला वाचून दाखवावं लागतं. आज शेवटचे अध्याय वाचले. ती अवरेकाईच्या शेंगा सोलत होती. राजकन्येला शाप लागला, हात चालूच. चेटकिणीचा महाल कोसळला, तरी चालूच.

मग म्हणाली, "स्वल्प थांब गं. आत्ता कोण बोललं? राजकन्या की चेटकीण?"

"राजकन्या!"

"मला वाटलं तूच. सगळीच मेली टोचून बोलतात. त्या परीला तरी एकदा सरळ 'ये, बस' म्हणू दे की."

चिडले. इतकी वर्षं विनोदी सदरांतून लोकांना चिमटे काढून पोट भरलं, आणि हिने एका वाक्यात... पण खरंच आहे. माझ्या राज्यात सगळ्यांच्या तोंडात माझीच जीभ.

तिचे हात एकदाच थांबले होते. मुका राक्षस हरवलेल्या राजकन्येसाठी वेशीचं दार धरून थंडीत उभा राहतो, तिथे. मुका, म्हणून माझ्या तावडीतून सुटला, दुसरं काय!

छापून आल्यावर हे कोण सांगणार होतं? समीक्षकांना वाचता येतं, पण ते वाचत नाहीत. अक्काला मराठी वाचता येत नाही, आणि तिनेच नीट ऐकलं.

आभार मानले तर म्हणाली, "सरी, सरी, कळलं. त्यातला पोपट तेवढा बदलू नकोस. एकजण तरी तुझ्यासारखा बोलू दे. नाहीतर मला करमायचं नाही."