एका बाईसाठी

३ मार्च
पुन्हा तेच! लेथ मशीन बंद करायचं, हात पुसायचे, अख्खं आवार ओलांडून ऑफिसात जायचं आणि कारकुनापुढे हात पसरायचा — "किल्ली द्या." कारखान्यात बायकांचा संडास एकच, तोही कुलपात. किल्ली याच्या खणात. वर वहीत वेळ लिहायची — गेल्याची, आल्याची! "शिस्त आहे, ताई." पुरुषांचा आमच्या शेडला लागूनच आहे, त्याला धड कडीसुद्धा नाही. आणि कुलूप मला!

४ मार्च
दिवसभर पाणी प्यायले नाही. किल्ली मागावी लागली नाही.

९ मार्च
तिसरा अर्ज दिला — शेडजवळ बायकांसाठी संडास बांधा. फोरमननं पुरता वाचलाही नाही. "एका बाईसाठी?" म्हणे. शेडमध्ये बाई मी एकटीच, खरं आहे. पण कँटीनवाली आणि झाडणाऱ्या दोघी? त्याही माझ्यासारख्याच घसा कोरडा ठेवून दिवस काढतात. त्या याला दिसतच नाहीत!

११ मार्च
पोटात कळा. डॉक्टरीणबाई खवळल्या — "पाणी पीत नाही का तुम्ही?" काय सांगू, कारकुनाला विचारून पिते?
घरी नवरा म्हणतो, "ऑफिसातलं काम माग ना. किल्लीच्या शेजारीच बसशील." याला विनोद सुचतात! बारा वर्षं मशीनवर काढली, ती आता खुर्ची उबवायला नाही. चिडून रडूच आलं.

१६ मार्च
आज किल्ली घेऊन आत गेले, कडी लावली आणि खिशातून व्हर्निअर काढला. किल्लीच्या एकेका दाताचं माप घेतलं. बाहेर आले तर कारकून घड्याळाकडे बघतोय. "आज उशीर?"
"शिस्तीत केलं की वेळ लागतो," म्हटलं.

१७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत पितळेची पट्टी आणि कानस घेऊन बसले. दुसऱ्या खेपेला कुलूप उघडलं! घटाघटा तांब्याभर पाणी प्यायले. संध्याकाळपर्यंत आणखी तीन घासल्या. कँटीनवालीला एक, झाडणाऱ्यांना दोन.

२ एप्रिल
वही कोरी. कारकून काळजीत. "ताई, तब्येत बरी आहे ना?" बरी म्हणजे काय, झकास!

५ मे
फोरमनची मुलगी आजपासून आमच्याकडे शिकाऊ. दुपारी तो माझ्या मशीनपाशी घुटमळला. "तुमच्याकडे किल्ली असते म्हणे... एका मुलीसाठी हवी होती."
तिला सकाळीच दिली होती. त्याला सांगितलं नाही. चौथा अर्ज पुढे सरकवला, वर पेन ठेवलं.