झाकणाखालची बशी

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही आपल्या जुन्या घरात राहायला आलो. सामान उतरवताना माझी कंबर मोडली आणि हिची हौस फिटली. ठकी मात्र मजेत आहे. पाच महिन्यांची झाली, आता पायाचा अंगठा तोंडात घालायला शिकली. तुझ्यासारखीच हट्टी आहे, हे मी म्हणत नाही, ही म्हणते.

नळाला दिवसातून तासभर करंगळीएवढं पाणी येतं. म्हणून मागची विहीर उघडली. आईला आवडणार नाही, ठाऊक आहे. पण एकतीस वर्षं झाली, ताई! आपला धाकटा भाऊ गेला आणि बाबांनी सिमेंटचं झाकण घातलं, तेव्हा आईची समजूत काढायला घातलं असंच सगळे म्हणायचे. पाणी तर बाबांनीच तपासून चांगलं ठरवलं होतं.

झाकण फोडताना गंमत झाली. आतल्या बाजूला मेणकापडात गुंडाळलेली एक काचेची बशी चिकटवलेली होती, बाबा पाणी तपासायच्या कचेरीत वापरायचे तसली. तळाला काहीतरी सुकून बसलंय. विसरभोळेपणा कोणाकडून आलाय ते कळलं ना? मी ती कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवली आहे.

बाटलीत पाणी भरून ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. तपासून लवकर कळव. आईची समजूत तूच घाल, मला घाबरायला होतं.

तुझा,
ढब्बू

११ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

घे, तुझं पाणी पास झालं. आठ तारखेला बशांमध्ये जंतू वाढवायच्या खळीवर थेंब पसरून उबेच्या पेटीत ठेवले. आज पाहिलं तर एक ठिपका नाही. बाबांचा नियम तुला पाठ असेल: दोन दिवसांत उगवलं नाही तर नाहीच, बशी धुवा आणि सही करा. त्यांच्याच खुर्चीत बसून मीही बावीस वर्षं तेच करते आहे.

आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. तू गेल्यापासून त्यात काही फरक नाही, प्रत्येक भांडं तीनदा. एकदा घासायचं, एकदा उकळायचं, पुन्हा एकदा घासायचं. मी म्हटलं, अगं, आता कल्हई नाही, भांडंच निघून जाईल. हसली नाही. धाकटा गेल्यावर बाबांनी कागदावर लिहिलं होतं, पाणी निर्दोष, दोष दुधाच्या भांड्यांचा. सख्ख्या नवऱ्याने लिहिलं म्हटल्यावर नातेवाइकांना काय, आयतंच कोलीत मिळालं. भांडी नीट धुतली असती तर पोर गेलं नसतं, असं लोक तिच्या तोंडावर बोलले.

तिने एकच हट्ट धरला आहे. बशा धुवायच्या नाहीत, एकवीस दिवस ठेवायच्या. बाबांनी विहिरीचं पाणी पहिल्यांदा पास केलं त्यानंतर एकविसाव्या दिवशी धाकट्याला ताप भरला, हा तिचा हिशेब. बरं बाई, म्हटलं, पेटीत एक कोपरा तुझा. म्हातारीचं मन राहील.

ठकीचा पापा घे. माया आहेच, ती पत्राला उत्तर देऊन टिकवावी.

तुझी,
ताई

२६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पंधरा तारखेपासून पंप सुरू केला. काय पाणी आहे! गार आणि गोड. मी तर आंघोळीला बसलो की उठतच नाही. पिण्याला, वरच्या दुधाला, धुण्याला, सगळ्याला तेच.

ही मात्र धोब्यासारखी वैतागली आहे. ठकीची लंगोटं रात्रभर टोपलीत राहिली की सकाळी गुलाबी होतात. माझी लाल लुंगी एकत्र भिजवली म्हणून माझ्यावर खापर फुटलं. लुंगी वेगळी केली तरी तेच. हिला रंग आवडलाय, म्हणते मुलीला शोभतो.

कालपासून ठकीच्या अंगात जरा कणकण आहे. दात येत असतील. आईला सांगू नकोस, उगाच काळजी करेल.

तुझा,
ढब्बू

२९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

सकाळी तार केली आहे, हे पत्र पोचेपर्यंत ती मिळाली असेल. मिळाली नसेल तर वाचणं थांबव, ठकीला उचल आणि दवाखान्यात जा. ते पाणी बंद कर.

आज आईचा एकविसावा दिवस. बशा धुवायलाच काढल्या होत्या. झाकण उघडलं. पाचच्या पाच बशा गुलाबी होत्या. इतके दिवस कोऱ्या होत्या, रे. तार करून आले तर टेबलावर तुझं पत्र. लंगोटांचं वाचलं आणि लगेच हे लिहायला बसले.

ते जंतू मेलेले नव्हते. एकतीस वर्षं अंधार आणि उपास, म्हणून सगळं आवरून पडून राहिले होते. खायचं नाही, वाढायचं नाही. अशांना आपण बशीतून खायला बोलावतो, ते दोन दिवसांत येत नाहीत, आणि आपण लिहितो, नाहीत. पंपाने हवा मिळाली, दुधात खाणं मिळालं, तिथे आधी उठले. सही मी केली होती. माझ्या सहीवर तू ते पोरीला पाजलंस.

ती बशी कागदांवरून उचल. हात धू, नळाच्या पाण्याने. मागे काही लिहिलंय का बघ.

ताई

५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ठकी वाचली. हे पहिलं लिहितो. तार आली तेव्हा तिचा ताप चढला होता आणि ती रडायचीही थांबली होती. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. काल पहिल्यांदा अंगठा तोंडात घातला. ही तिच्याकडे बघून रडली, मी जिन्यात जाऊन रडलो. तू स्वतःला दोष देऊ नकोस. घाई मी केली.

बशीच्या पाठीवर धूळ होती, पुसली. खाली बाबांचं अक्षर आहे, लाल खडूपेन्सिलीचं. जसंच्या तसं उतरवतो: दिवस २१. गुलाबी. भांडी स्वच्छ होती.

एवढंच आहे. ताई, त्यांना माहीत होतं. लिहिलं, आणि कोणी वाचणार नाही अशा जागी पुरलं. मला फार राग आलाय, पण आता कोणावर काढू? बशी नीट बांधून पाठवतोय. आईला काय सांगायचं ते तू ठरव, मी पुन्हा तुझ्याच गळ्यात घालतोय.

तुझा,
ढब्बू

२ मे

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

ठकीचं वजन वाढलं हे वाचून जीव भांड्यात पडला. झाकण पुन्हा घातलंस, बरं केलंस. वर मोठ्या अक्षरात लिही, आत नको.

बशी दहा तारखेला पोचली. मी आईला सांगितलं नाही. आधी खात्री करू, असं स्वतःला सांगत राहिले. तळाच्या सुकलेल्या पापुद्र्यावर अगदी पातळ खळीचे दोन थेंब टाकले आणि पेटीत ठेवली. रोज पाहायचे, काही नाही. रोज घरी येऊन आईला भांडी घासताना पाहायचे आणि गप्प बसायचे. एका संध्याकाळी लक्षात आलं की मी बाबांचंच करते आहे. तरी गप्प बसले.

काल एकविसावा दिवस होता. एकतीस वर्षं कोरड्या काचेवर होते ते. काल गुलाबी झाले.

दुपारी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. जुन्या कागदाच्या जागी मी नवीन लिहिलाय, खाली माझी सही आहे, तोही वाचून दाखवला. बाबांची ओळ तिने तीनदा वाचायला लावली. मग दूध दे म्हणाली. प्यायली, पेला खिडकीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

आज सकाळी पाहिलं तर पेला तिथेच, तळाशी साय वाळलेली. आई बाहेर पेपर वाचत बसली आहे. मीही तो धुतलेला नाही.

ठकीला माझा आणि तिच्या आजीचा आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई