डाव्या कोपऱ्यातली जागा

कात्रप, बदलापूर

आईस सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, कामाला जाते. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावून घेतेस ना?

काल ह्यांच्या कबड्डी संघातली माणसं आली होती. सीमेवर ह्यांना मरण आलं त्याला वर्ष होईल, म्हणून ह्यांच्या नावाने स्पर्धा ठेवतायत. वर्दीतला फोटो हवा होता. बॅनरचा नमुना दाखवला, तर त्यात बरोबर आलेल्या भावी नगरसेवकाचा चेहरा ताटाएवढा आणि ह्यांच्यासाठी सोडलेली जागा वाटीएवढी. मला तिथेच शंका आली.

मी म्हटलं, "हे डाव्या कोपऱ्यात खेळायचे. फायनलला पहिल्या चढाईपुरता तो कोपरा रिकामा ठेवा. मग फोटो देते."

"अहो ताई, फुकटचा पॉइंट जाईल!" भावी नगरसेवक हसला.

"जाऊ दे की. मान द्यायचा तर तुमचंही काहीतरी जाऊ दे."

चहा पिऊन सगळे गेले. संध्याकाळी कप्तान हिरामण एकटाच परत आला. चपला काढून दारातच उभा राहिला.

"वहिनी, त्या जागेवर आता मीच खेळतो. पहिल्या चढाईला मी बाहेर बसेन."

चांगला वाटतो गं. पण दारात बोलणं सोपं असतं.

रविवारी फायनल आहे. फोटो पिशवीत घालून जाईन. आधी तो कोपरा बघेन, मगच पिशवीत हात घालेन. बॅनरवरची ती वाटीएवढी जागा तोवर रिकामीच राहू दे.

भाऊला सांग, मी रडत नाही.

तुझीच,
यशोधरा