दिशाच्या नावाचा डबा

१ जून २०२५, रविवार

आलो एकदाचे! नऊ वर्षं टोरंटोत काढून सुप्याजवळच्या या बंगल्यांच्या कॉलनीत. हर्षलचं ऑफिस पुण्यात, गाडीने दीड-दोन तास. तो म्हणतो, तिकडेही रोज तेवढाच प्रवास होता, फक्त बर्फातून. माझं माहेर शेवगाव, म्हणजे मी घरीच आले. ओम आणि दिशाला मात्र हाच परदेश. ओम बारा वर्षांचा, वायफाय लागेपर्यंत तोंड फुगवून बसला. सात वर्षांच्या दिशाला अंगणात चिंच सापडली, झालं! भाड्याचा असला तरी बंगला नंबर सात झकास आहे. स्वयंपाकघरात मी चक्क एक गिरकी घेतली.

४ जून, बुधवार

आठ नंबरच्या बनुबाईंनी वाटीभर हुलग्याचे शेंगोळे दिले. कॉलनी उभी राहिली ती जमीन त्यांचीच, आता एकट्या राहतात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मुलांना सांगितलं लसूण जास्त झाला. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईने माझ्या अंगात मुरवलंय. शिरा केला. तो त्यांच्या वाटीत मावेना आणि माझी भांडी अजून खोक्यांत, म्हणून उरलेला दिशाच्या डब्यात घातला. आईने बारशाला दिलेला, 'कु. दिशा' असं नाव घातलेला छोटा स्टीलचा डबा. दिशाच घेऊन गेली, उड्या मारत.

९ जून, सोमवार

डबा अजून आला नाही. आठवण केली तर बनुबाई म्हणाल्या, रिकामं भांडं कसं द्यावं बाई, कायतरी घालून देते की. दिशा दिवसभर तिकडेच, जेवतेही तिकडेच. खरं सांगायचं तर बरंच आहे, माझी खोकी तरी उघडून होतात.

१४ जून, शनिवार

दिशा आता घरचं काही तोंडाला लावत नाही. आज मला काकू म्हणाली. ओम खो खो हसला, मी रागावले. पण ती चेष्टा करत नव्हती. पाहुण्यांच्या घरी विचारावं तसं विचारलं, काकू, मी घरी जाऊ? घरी म्हणजे आठ नंबरला.

१५ जून, रविवार

आईकडे शेवगावला निघालो. दिशाचा पट्टा मी स्वतः लावला. गेटबाहेर पडल्यावर मागे पाहिलं, पट्टा लावलेला, सीट रिकामी. धावत परत आले तर ही बनुबाईंच्या ओट्यावर पाय हलवत शेंगोळे खातेय! हर्षल माझ्यावरच ओरडला, मुलीला घरीच विसरलीस म्हणून. ओम म्हणतो, ती शेजारीच बसली होती. पुन्हा निघालो, या खेपेला तिला मांडीवर घट्ट धरून. गेटपाशी मांडी हलकी झाली. हर्षल म्हणतो, तूच उतरू दिलीस.

१७ जून, मंगळवार

बनुबाई अंगणात होत्या, मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. फळीवर ओळीने भांडी. चि. सम्राट. कु. पूजा. शेवटी कु. दिशा. तो डबा उचलला आणि पळाले.

घरी दिशा भिंतीला टेकून बसलेली. डोळे उघडे. हाका मारल्या, हलवलं, चिमटा काढला — काही नाही. मी डबा रिकामा आणला होता. देवा, रिकामा आणला होता मी! पळत जाऊन परत ठेवला. कुंपणापलीकडून तिचं हसू आलं.

बनुबाईंनी मला पाणी दिलं. सांगितलं, एकटीला घर लई खायला उठतं. फळीवरल्या बाकीच्या पोरांचे आईबाप थकले, गेले. डबा भरून पायजे आसंल तर बदल्यात दुसरं नावाचं भांडं आन.

१८ जून

हर्षल म्हणतो, डॉक्टरला दाखवू. मला, दिशाला नाही.

नगरला गेले. नवा डबा घेतला. दुकानदाराने विचारलं, नाव काय घालू? माझंच सांगितलं, अश्विनी. सौ. लावू का? नको. नुसतं अश्विनी.

२० जून

दिला. शिरा घालून.

दिशाचा डबा आला, साखरेने भरलेला. माझी पोर आई आई करत आली, घट्ट बिलगली. तिच्या केसांत तोंड खुपसून रडले. हर्षलला म्हटलं, शेवगावला चल, आत्ता, कुठे थांबू नकोस.

गेट. दिशाचा हात माझ्या हातात होता —

मी ओट्यावर. आठ नंबरच्या.

जुलै

हर्षल तीनदा आला. काचेतून त्याच्याकडे पाहत होते. मला दार उघडता येत नाही. चौथ्यांदा नाही आला. सामान हलवलं.

९ ऑगस्ट

राखी आज. दिशाने बांधली असेल ओमला.

सात नंबरला नवं बिऱ्हाड. दुबईहून. एक छोटी मुलगी, दोन वेण्या.

बनुबाई म्हणतात, त्यांचं नावाचं भांडं आलं की तुझा डबा भरून देते. मग जा खुशाल लेकरांकडं.

नाही. मी नाही करणार. तिच्या आईला सांगणार आहे, ओरडून —

शेंगोळे वळून झाले. मीच वळले का?

बनुबाई वाटी देऊन आल्या. मी खिडकीशी. ओरडायचंय. तोंड उघडत नाही की मी उघडत नाही —

मुलगी फाटकाशी आली. उड्या मारत. हातात छोटा पेला. आत खीर आहे. बाहेरून नाव —

दिशा, ओम, मी येतेय, मी