एल्बिओच्या कपाटातला दिवा

मोंतेविदेओ, १४ जुलै

प्रिय ताई,

आज दिवसभर थंडी होती. सकाळी पाव आणला, दुपारी दिवा बदलला. मी ठीक आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

एल्बिओची गांजाची तीन झाडं अजून कपाटात, दिव्याच्या उजेडावर वाढत आहेत. मार्चमध्ये तो वारल्यावर, इथल्या कायद्याप्रमाणे टपाल कचेरीत जाऊन त्यांची नोंद बायको म्हणून माझ्या नावावर करून घेतली. पण पानांची टोकं पांढरी पडू लागली, म्हणून वरच्या मजल्यावरच्या ओरोस्मानला बोलावलं. त्याने चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं आहे.

झाडांना गारठा बाधेल म्हणून मी दिवा अगदी खाली उतरवला होता.

"वहिनी, हा दिवा आहे, शेकोटी नव्हे," तो म्हणाला. मग त्याने शेजारी टांगलेला एल्बिओचा लोकरी कोट चाचपला. कोट गरम लागत होता. "झाडं जगवायची आहेत की घर पेटवायचंय?"

तो कोट मी मार्चपासून हलवला नव्हता, ताई.

ओरोस्मानने कमी तापणारा एलईडी दिवा झाडांपासून हातभर उंच टांगला. हीटर लावलेल्या एक्स्टेंशन बोर्डातून त्याची पिन काढून भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटमध्ये लावली. कोटाला मात्र हात लावला नाही. "तो तुम्हीच काढा," म्हणाला, आणि येर्बाच्या कडू चहाचा घोटही न घेता गेला.

मधल्या झाडाला नवी पालवी आली आहे. तू आलीस की दाखवीन.

तुझी,
नेल्दा

ता. क. कोट काढला. बाह्या लांब होतात, दोनदा दुमडल्या. तोच घालून हे पत्र पेटीत टाकायला निघाले आहे.