पन्नासावी सही

२१ एप्रिल, शनिवार. सकाळी ६.
निर्णय पक्का. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक मार्चमध्ये वारले, पोटनिवडणूक लागली. मी, मोन्वाबिसी सोमाना, उभा राहणार. अपक्ष. एकाही पक्षाने विचारलं नाही ते बरंच झालं. नाही म्हटलं की लोक दुखावतात.
अटी वाचल्या. वॉर्डातल्या पन्नास मतदारांच्या सह्या, ओळखपत्राच्या नंबरासकट. १४ मे, संध्याकाळी पाचच्या आत. एवढंच? चर्चच्या क्वायरला मी एकतीस वर्षं गाणं शिकवतोय. क्वायरमध्येच अडतीस जण आहेत. उरले बारा. ते तर येता-जाता होतील.
बायकोला, नोक्वेझीला, फोन केला. उचलला नाही. जानेवारीपासून कोफिम्वाबाला तिच्या बहिणीकडे आहे. बहिणीचे गुडघे. गुडघ्यांना वेळ लागतो.

२२ एप्रिल, रविवार.
प्रार्थनेनंतर क्वायरसमोर जाहीर केलं. शांतता. भारावले असावेत. फाकामिले (टेनर, डेअरीत वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर) म्हणाला, तू? अरे, नगरसेवकाला लोकांचं ऐकून घ्यावं लागतं. मी म्हणालो, एकतीस वर्षं तुमचंच ऐकतोय, तेही बेसूर. कोणी हसलं नाही.
सह्या: ४. फाकामिलेची धरून.

२६ एप्रिल.
सह्या ११. क्वायरमधले बाकीचे 'विचार करून सांगतो' म्हणतात. मतदार विचारी आहे, ही चांगलीच गोष्ट.
नळाला आज चौथ्या दिवशी पाणी. निवडून आलो की पहिलं काम हेच. नोक्वेझीला बादल्या भरून ठेवायचा कंटाळा. पाणी आलं की तीही येईल.
संकल्प: रोज दहा घरं. कोणाचाही उच्चार सुधारायचा नाही.

२८ एप्रिल, शनिवार.
तीन घरं. एका ठिकाणी उच्चार सुधारला.
क्वायरच्या आल्टोमधल्या (बायकांचा खालचा सूर) दोघी बहिणींनी दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, ताता, तुम्ही वडिलांसारखे, पण नोक्वेझीच्या आईच्या मयताला तुम्ही जे केलंत ते आम्ही विसरलेलो नाही.
हे प्रकरण लोक उगाच उकरून काढतात. एकदा लिहूनच टाकतो. डिसेंबरात सासूबाई गेल्या. कबरीपाशी क्वायर गात होती. नोक्वेझी आल्टोत. तिचा सूर घसरला, तिच्याबरोबर अख्खी ओळ घसरली. मी हात वर केला, गाणं थांबवलं, तिला सूर दिला, पहिल्यापासून घेतलं. दुसऱ्या वेळी उत्तम झालं. ती गायली नाही, नुसती उभी राहिली, त्यामुळेही असेल. सासूबाईंना चांगलं गाणं आवडायचं. त्यांच्यासाठीच केलं मी ते.
नोक्वेझी त्यावर एक शब्द बोलली नाही. म्हणजे तिला पटलं होतं.

३ मे.
सह्या २६. समोरच्या मा नोसांगोने स्वतःहून हाक मारून सही दिली. वर ताटभर शिजवलेला मका-घेवडा. म्हणाली, ताता, नीट जेवता ना? शर्टाला बटण नाही तुमच्या. मी तिला पाण्याची योजना समजावली. ती ताटाकडे बघत होती. बायकांना योजना लगेच कळत नाहीत.

८ मे.
सह्या ४१. खरं तर माझ्या सहाच वाढल्या. फाकामिले काल कागद घेऊन एकटा गेला आणि एका संध्याकाळी नऊ आणल्या. तू लोकांना सांगितलंस तरी काय, म्हणून विचारलं. म्हणाला, सांगितलं की माणूस एकटा पडलाय, काहीतरी करू द्या त्याला.
प्रचाराची ही लाइन मला मंजूर नाही. पण नऊ त्या नऊ.

११ मे. रात्र.
एकोणपन्नास! पन्नासावी कोणाची, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. फाकामिले म्हणाला, माझ्याच घरात तीन मतदार बाकी आहेत, ने की कोणाचीही. त्याला काय कळणार. मत काय कोणीही देईल. नवऱ्याच्या अर्जावर बायकोची सही हवी.

१२ मे, शनिवार.
कोफिम्वाबाला जाऊन आलो. टॅक्सीत दोन तास, मांडीवर फॉर्म, वर प्लास्टिक.
मेहुणी चढावरून पाण्याची बादली घेऊन येत होती. गुडघे पार बरे दिसले. मी तसं म्हणालो. तिने विचारलं, कसले गुडघे?
नोक्वेझी अंगणात कपडे वाळत घालत होती. काहीतरी गुणगुणत होती, मला बघून थांबली. थोडी भरलीये. आधी विचारलं, खाल्लंय का? मग मी फॉर्म काढला. ती म्हणाली, माझ्या सहीचा तिथे काही उपयोग नाही. मी म्हणालो, असं कमी लेखू नकोस स्वतःला, तुझी सही दहाच्या बरोबरीची आहे. म्हणाली, मी काय सांगतेय ते एकदा ऐका. मी म्हणालो ऐकतो, आणि तिला नळाचं सांगितलं, चर्चपुढच्या रस्त्याचं सांगितलं, नगरसेवकाची बायको म्हणून पहिल्या रांगेत बसशील, तेही सांगितलं. बोलता बोलता परतीच्या टॅक्सीची वेळ झाली. तिने पेन घेतलं, सही केली. नंबर घातला. फाटकापर्यंत आली. म्हणाली, सांभाळून राहा.
सह्या ५०. प्रवासभर छान वाटत होतं.

१४ मे, सोमवार. दुपारी ३.४५. निवडणूक कार्यालय, कोमानी.
इथल्या बाकावर बसून लिहितोय.
खिडकीतल्या मुलीने एकेक नंबर कॉम्प्युटरवर तपासला. एकोणपन्नास बरोबर. पन्नासाव्याला थांबली. पुन्हा टाकला. म्हणाली, ताता, या बाई आपल्या वॉर्डात नाहीत. मी म्हणालो, अगं सिसी, तुझ्या मशीनची चूक आहे, ती माझी बायको आहे, चौतीस वर्षं माझ्या घरात आहे. तिने वाद घातला नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवली.
१० फेब्रुवारीला नाव हलवलंय. कोफिम्वाबा. बहिणीचा पत्ता. मी विचारलं, तात्पुरतं असेल ना? ती म्हणाली, तात्पुरतं असं काही नसतं, ताता. माणूस जिथे राहतो तिथे नाव घालतो.
मग हळू आवाजात म्हणाली, अजून सव्वा तास आहे. कोणाचीही एक सही आणा, मी थांबते.
हो म्हणालो.

४.१५. फाकामिलेला फोन करता येईल. दहा मिनिटांत येईल तो.

४.४०. मुलीने ग्लासभर पाणी आणून दिलं. विचारलं, कोणी येतंय का? मी म्हणालो, येतील.

५.००. दार लावलं. मी आतच होतो. तिने मागच्या दाराने सोडलं.

१५ मे.
मा नोसांगो आली. म्हणाली, एका सहीसाठी राहिलं? अहो, अख्खी गल्ली घरात होती की. मी म्हणालो, वेळ मिळाला नाही.
ती खुर्ची ओढून बसली. मी विचारलं, नोक्वेझीचं तुम्हाला माहीत होतं? म्हणाली, ईस्टरपासून. तुम्ही क्वायरला गेला होतात तेव्हा येऊन तिने उरलेले कपडे नेले. मी गाठोडं बांधू लागले तिला.
कपाट उघडून बघितलं. तिचा कप्पा रिकामा होता. सहा आठवडे मी तो उघडलाच नव्हता.
मी म्हणालो, मग मला कोणी सांगितलं का नाही?
ती म्हणाली, तिने सांगितलं की, ताता. जानेवारीत बॅग घेऊन निघताना सांगितलं, या दारात. मी समोरून ऐकलं. तुम्ही बोलत होता.