कंप्युटरलाही पास लागतो

बाबा, तुमच्या कारखान्याच्या गेटवरचा शिपाई आपल्या घरी पोहे खाऊन जायचा, अन् सकाळी तुम्हालाच पास मागायचा. एकदा पास घरी राहिला तर तुम्ही बाहेरच उभे, अन् मी फ्रॉकमध्ये धावत तो घेऊन आली. आता आपल्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरातच तसं गेट आलं आहे.

झालं असं, की नात पुण्याला नोकरीला गेली. तिचे मेसेज फोनवर येतात, पण फोनवरची बारीक अक्षरं मला दिसत नाहीत. सून वाचून दाखवते, तेही भाजी परतता परतता, अर्धं गिळून. तिसरीत माझी शाळा सुटली तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर खडूनं ही मोठी मोठी अक्षरं काढायचे, अन् रागवायचे, आपलं पत्र लोकाच्या तोंडून काहून ऐकायचं? ते डोक्यात होतंच. म्हणून मुलानं ऑफिसातला जुना कंप्युटर घरी आणला. अक्षरं कशी, भेंडीएवढी!

पण तो कंप्युटर म्हणते, आधी फोन दाखवा. पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. माझा फोन बटणांचा, तो त्याला चालत नाही.

"काहून रे, एवढा मोठा डबा, अन् त्याला खिशातला फोन लागते?"

"आई, मेसेज फोनचे असतात. हा फक्त दाखवतो."

"म्हणजे मोठा कोण?"

"फोन."

शेवटी सुनेचा फोन दाखवला, तेव्हा उघडलं. तुमच्या गेटवर माणूस अन् पास दोन्ही पाहत. इथं पास पाहतात, खुर्चीवर कोणी का बसेना. हे मला उशिरा समजलं. काल एकटीच बसून राहिली होती, अन् समोर नातीचा मेसेज आला: "मम्मी, आजी को मत बताना, शनिवार को आ रही हूँ।" दिवाळीपासून तिची वाट पाहून राहिली मी, बाबा. एकेक बटण शोधून लिहिलं, "ये माझी बाई", अन् पाठवूनही दिलं.

लगेच उत्तर आलं: "मम्मी, आपको मराठी कब से आ गई?"

सून झारा घेऊन स्वयंपाकघरातून आली. तिच्याही फोनवर सगळं दिसतेच.

"आईजी, आपने पढ़ लिया क्या?"

"चष्मा नव्हता लावला मी."

"चश्मा तो नाक पर है।"

ती हसत हसत खुर्चीवरच बसली. मग नातीला लिहिलं, सीख रही हूँ. नातीनं ते खरं मानलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी मिळून कोणाला फसवलं, ते हे पहिल्यांदाच.

हे पत्र कागदावर लिहून राहिली. तुम्ही तर आता या जगात नाही, टाकणार कुठं, म्हणून उशीखाली ठेवते. अन् एक सांगते, शनिवारी दार उघडल्यावर नवल वाटल्याचं तोंड करायचं आहे ना, ते आरशासमोर करून पाहिलं. जमत नाही बाबा. आधीच हसू येते.